होमब्रू (स्वतः बनवलेल्या राक्षसाला) मदत हवी: रणांगणावरच्या गंजक्या हत्यारांतून उठणारा राक्षस, पण लढाई कंटाळवाणी होतेय

तळघरातला_डीएम

नमस्कार मंडळी. डंजन्स अँड ड्रॅगन्सची (डी अँड डी) पाचवी एडिशन खेळतोय, डीएम म्हणजे खेळ चालवणारा मी, २०१४ चीच पुस्तकं, नवीन घ्यायला टेबलावरचं कोणी तयार नाही. पाच जण, लेव्हल ५. पॅलाडिन (धर्मयोद्धा), विझर्ड (जादूगार), रोग (चोर), फोर्ज डोमेनची (लोहारकामाच्या देवाची) क्लेरिक म्हणजे पुजारीण आणि एक बार्बेरियन (रानटी योद्धा).

आता ते ज्या माळावर पोचणारेत तिथं दीडशे वर्षांपूर्वी दोन राज्यांची तुंबळ लढाई झाली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं कापली गेली, आणि नंतर कळलं की दोन्ही राजांनी आदल्या रात्रीच तह केला होता, निरोप्या वाटेत चुकला म्हणून कुणाला कळलंच नाही. म्हणजे सगळे फुकट मेले. तर त्या माळातून रात्री सामान उठतं. ढाली, तलवारी, चिलखताचे पत्रे, रिकिबी, नाल, सगळं एकमेकांना चिकटून एक धूड तयार होतं आणि चालायला लागतं. टेबलावरच्या एकीने नुसतं वर्णन ऐकून त्याला भंगारासुर म्हणायला सुरुवात केलीय आणि मी कितीही भारदस्त नाव दिलं तरी आता तेच राहणार.

अडचण अशी आहे की बेस कुठला घ्यावा कळत नाही. अ‍ॅनिमेटेड आर्मर बघितला, सीआर (राक्षस किती अवघड) १, एसी (वार लागायला फाशावर लागणारा आकडा) १८, एचपी (जीव) ३३, दोन ठोसे मारतो आणि विषय संपला, हे पाच जण त्याला पहिल्याच राउंडला झोपवतील. हेल्म्ड हॉरर बघितला, सीआर ४, एचपी ६०, पण एसी २०, त्यामुळे निम्मे वार मिस आणि टेबलावर सगळे मोबाईल काढून बसतात हे मला आत्ताच दिसतंय. एचपी १५० केले तर लढाई नुसती लांबते. दर राउंडला तेच, मी मारलं, त्याने मारलं, किती राहिले.

तर सांगा, याला अनडेड (मरूनही चालणारा) करू की कन्स्ट्रक्ट (जादूने चालवलेलं यंत्र)? आणि तो खरंच शेकडो वस्तूंचा बनलाय हे खेळताना जाणवायचं कसं, नुसतं माझ्या वर्णनात नको. आमचा विझर्ड म्हणतोय की सरळ पानिपतच घे, तयार रणांगण आहे. मला ते पटतंय पण धाकधूकही वाटतेय.

---

फासेबहाद्दर

अनडेड. डोळे झाकून अनडेड कर.

कारण एक, तुझ्या गोष्टीत कुणा जादूगाराने बसून हा बनवलेला नाहीये, मेलेल्यांचा राग आहे तो. तुझ्यासारखीच कल्पना आधी येऊन गेलीय, तिसऱ्या एडिशनच्या मॉन्स्टर मॅन्युअल दोनमध्ये (२००२) रेजविंड नावाचा प्रकार होता, निरर्थक लढायांत मेलेल्या योद्ध्यांचा संताप, दिसायला हत्यारं गरगर फिरवणारी वावटळ, आणि तो अनडेडच होता. त्याच पुस्तकात रॅगामॉफिन पण आहेत, चिंध्या-तुकड्यांचे कन्स्ट्रक्ट, अंगाला लपेटून माणसाचा ताबा घेणारे, त्यातली एक जात हत्यारांच्या तुकड्यांची. तिथून ताबा घ्यायची कल्पना ढापता येईल, बार्बेरियनच्या डोक्यावर गंजकं शिरस्त्राण येऊन बसलं आणि तो पुढचा राउंड कुणाच्या तरी जुन्या सेनापतीचे हुकूम पाळतोय, असं काहीतरी.

कारण दोन, क्लेरिक आणि पॅलाडिनला काम मिळतं. पॅलाडिनचा स्माइट (दैवी वार) अनडेडवर एक डी८ (आठ बाजूंचा फासा) जास्त देतो. आणि लेव्हल ५ ला क्लेरिकचा टर्न अनडेड (अनडेडना पळवून लावणं) हा डिस्ट्रॉय अनडेड होतो, सीआर १/२ पर्यंतचं काहीही सेव्ह (वाचायचा फासा) फेल झालं की जागच्या जागी खलास. आता हे लक्षात ठेव, खाली लागणार आहे.

आणि अ‍ॅनिमेटेड आर्मरच्या शीटवरून (आकड्यांच्या पानावरून) काहीही उचल पण ती अँटीमॅजिक ससेप्टिबिलिटीची ओळ उचलू नकोस. त्यात लिहिलंय की डिस्पेल मॅजिक (जादू उतरवणारा स्पेल) टाकला आणि कॉन्स्टिट्यूशन सेव्ह फेल गेला तर एक मिनिट बेशुद्ध. तुझ्या विझर्डकडे लेव्हल ५ ला डिस्पेल मॅजिक आहे. म्हणजे आठवडाभर खपून केलेला राक्षस पहिल्या राउंडला आडवा आणि बाकीचे चौघं त्याला आरामात फोडतायत.

आता मुख्य. एचपी १२० धर, पण ते चार थरांत वाट, तीस-तीसचे. एक थर संपला की अंगावरचं काहीतरी खरंच गळून पडतं आणि शीट बदलते. सुरुवातीला सगळ्या ढाली बाहेरच्या अंगाला, एसी १८, स्पीड २०, हल्ला एकच पण दणदणीत. तीस गेले, ढाली पडल्या, एसी १६, स्पीड ३०, दोन हल्ले. साठ गेले, पत्रे पडले, एसी १४, स्पीड ४०, तीन हल्ले. शेवटच्या तिसात नुसती पाती आणि तारा उरल्यात, एसी १२, कुणीही मारू शकतं, पण तो आता भन्नाट पळतो आणि चार वेळा कापतो. पुस्तकातले स्वॉर्म (झुंडी) याच्या उलटे चालतात, निम्मे एचपी गेले की त्यांचं डॅमेज निम्मं. इथे उलटं केलं की शेवटाकडे टेबलावर ताण वाढतो, आणि तुझा मिस मिसचा प्रॉब्लेमही फक्त पहिल्या थरापुरता राहतो.

आणि पडलेलं सामान गप्प पडून राहत नाही. पुढच्या टर्नला त्यातून दोन-तीन फ्लाइंग सोर्ड उठतात. मूळ शीट सीआर १/४, एसी १७, एचपी १७ आहे, ते सतरा एचपी खोडून एक कर, कुठलाही एक वार लागला की खाली. टाइप अनडेड. आता क्लेरिकने टर्न अनडेड केलं की हवेतल्या सगळ्या तलवारी खणखण खाली पडतायत आणि मोठं धूड मात्र उभं. तिला असला सीन वर्षभर पुरेल.

---

गंज_आणि_गवत

वरचं सगळं चांगलंय, नियमांचं मला फार कळत नाही, मी दुसऱ्याच गोष्टीवर अडकलोय. दीडशे वर्षं त्या माळावर लोखंड पडून राहिलं कसं?

खऱ्या रणांगणावर लढाई संपली की पहिल्या रात्रीपासून लूट सुरू होते. चिलखत म्हणजे पैसा, तलवार म्हणजे पैसा, बूट म्हणजे पैसा. वॉटर्लूनंतर (१८१५) तर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून त्यांच्या कवळ्या केल्या, पुढे असल्या कवळ्यांना वॉटर्लू दातच म्हणायचे लोक. जिथं दात सोडत नाहीत तिथं ढाली कोण सोडतंय? तेव्हा तुझ्या माळावर चकचकीत तलवारी असायचं कारणच नाही, जे कुणालाच नको होतं ते उरणार. बाणांची टोकं, पट्ट्याचे बक्कल, खिळे, नाल, तुटक्या मुठी, म्यानाच्या तळाची टोपणं. मला तर असा बारीकसारीक कचऱ्याचा राक्षस जास्त भीतीदायक वाटतो, चालताना खुळखुळणारा.

नाहीतर लूट का झाली नाही याचं कारण दे, आणि त्यासाठी विस्बी बघ. स्वीडनचं गॉटलंड बेट, २७ जुलै १३६१, डेन्मार्कचा राजा वाल्देमार आटरडाग चालून आला आणि विस्बी शहराच्या तटाबाहेर बेटावरच्या शेतकऱ्यांची फौज त्याने कापून काढली. शहराचे दरवाजे बंदच राहिले, आतल्या लोकांनी तटावरून बघितलं आणि नंतर शरणागती पत्करली. ऐन उन्हाळा, मेलेल्यांचा ढीग, प्रेतं इतक्या लवकर कुजायला लागली की चिलखतं काढत बसण्याऐवजी तशीच सामुदायिक खड्ड्यांत लोटली असं मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं खोदकाम झालं तेव्हा अकराशेच्या वर माणसं निघाली, त्यात पोरंसोरं आणि म्हातारेही भरपूर, आणि पत्र्यांची चिलखतं, साखळीच्या टोप्या अंगावरच. त्यातल्या एका कवटीचा फोटो शोधून बघ. कड्यांची टोपी गंजून घट्ट एकजीव झालीय आणि तिच्या आत अजून तोंड आहे, दात दिसतात, कडी दातांच्या पुढ्यात लोंबतायत. भंगारासुराचं डोकं मला विचारशील तर तेच. एक नाही, अशी सहा-सात डोकी छातीत, पोटात, गुडघ्यावर, कुठेही.

अजून एक, तिथल्या बऱ्याच हाडांवर घाव नडगीवर आहेत, वरती ढाल आणि चिलखत असल्यामुळे वार खाली पायांवर. म्हणजे तुझा राक्षस कसा लढेल? वाकून, खाली, घोट्यांवर. ती माणसं ज्या वारांनी मेली तेच वार त्यांच्या सामानाला माहीतेत. लागला की डेक्सटेरिटी (चपळाईचा) सेव्ह, नाहीतर प्रोन, म्हणजे जमिनीवर आडवा.

आणि सगळंच सामान रागावलेलं कशाला हवं? जपानी लोककथांत जुन्या वस्तूंना शंभर वर्षांनी जीव येतो, त्यांना त्सुकुमोगामी म्हणतात. तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने १७८४ साली असली बरीच काढली, त्यात अबुमिगुची म्हणून एक आहे, रणात पडलेल्या स्वाराची रिकीब. ती कुणाला खात-मारत नाही. पडलेल्या जागी बसून धनी परत यायची वाट बघते, बास. तुझ्या यादीत रिकिबी आहेतच. धुडापासून लांब एक रिकीब गवतात एकटीच बसलीय आणि लढाईत सामील होत नाहीये, एवढं नुसतं दाखव, रोग हमखास तिच्याकडे जाईल. ती काय करते ते नंतर ठरव.

---

वीसपैकी_एक

एवढं कशाला, गावातल्या भंगारवाल्याला बोलवा, वजनावर घेऊन जाईल.

मस्करी सोडा, पण याच्यावर रस्ट मॉन्स्टर सोडला तर? सीआर १/२, लोखंड खातो, जादूचं नसलेलं कुठलंही लोखंडी सामान मिशीने गंजवतो. म्हणे डी अँड डीच्या निर्मात्यांपैकी गायगॅक्सने हाँगकाँगच्या स्वस्तातल्या प्लास्टिक खेळण्यांच्या पाकिटातून तो शोधला होता. माझे प्लेयर्स असते तर भंगारासुराचं नाव ऐकल्या ऐकल्या जंगलात रस्ट मॉन्स्टर पकडायला गेले असते आणि त्याला गळ्यात पट्टा बांधून घेऊन आले असते.

---

तळघरातला_डीएम

@वीसपैकी_एक हे तू इथं लिहिलंयस आणि आमचा रोग हा धागा वाचत असणार, धन्यवाद भावा.

थरांची आयडिया घेतली. विस्बीचं वाचून काढलं, दरवाजे बंद ठेवणारं शहर हे तर मी जसंच्या तसं उचलतोय, पार्टी ज्या गावात मुक्कामाला आहे त्याच गावाने त्या दिवशी दरवाजे लावून घेतले होते, म्हणून गावातलं कुणी दीडशे वर्षांत माळावर पाऊल टाकत नाही आणि म्हणूनच लोखंड जागेवर आहे. एका दगडात दोन्ही प्रश्न मिटले.

आता क्लेरिकचा हीट मेटल (धातू तापवायचा स्पेल). फोर्ज डोमेन असल्यामुळे तो तिला कायम तयार असतो आणि ती तो टाकणारच, पहिल्याच टर्नला. चालू द्यायचा का? माझ्या वाचनाप्रमाणे तो स्पेल वस्तूवर लागतो, आणि हा आता वस्तू नाही, क्रीचर आहे.

---

फासेबहाद्दर

अक्षरशः वाचलं तर तुझं बरोबर आहे. धातूची बनवलेली वस्तू निवडायची असं लिहिलंय, क्रीचर म्हणजे वस्तू नव्हे. नियम असा आहे, नाही म्हणून टाक.

---

क्रिट_ताई

नाही म्हणून टाक काय? हेल्म्ड हॉररचं पान परत उघड. त्याला तीन स्पेल्सपासून इम्युनिटी असते आणि तिथं नेहमीची तीन म्हणून जी दिलीत ती फायरबॉल, लाइटनिंग बोल्ट आणि हीट मेटल. जर चालत्या चिलखतावर हीट मेटल लागतच नसता तर त्यापासून इम्युनिटी द्यायची गरज काय होती? म्हणजे लिहिणाऱ्यांच्याही डोक्यात तो लागतो असंच होतं.

आणि नियम बाजूला ठेव, फोर्जच्या क्लेरिकसमोर लोखंडाचा डोंगर उभा करायचा आणि वर तिला सांगायचं की तुझा लोखंड तापवायचा स्पेल इथं चालत नाही, ही कुठली पद्धत दादा? चालू दे, पण अख्ख्या धुडावर नको. एक तुकडा निवडायला लाव. ही ढाल, तो भाला, ते डोकं. त्या तुकड्यातून दर टर्नला दोन डी८ आग, आणि सेव्ह फेल गेला की तो तुकडा लालभडक होऊन गळून पडतो. तुझ्या थरांच्या पद्धतीत हे चपखल बसतं, शिवाय कॉन्सन्ट्रेशन लागतं म्हणजे तिला मारून ते मोडायचा प्रयत्न राक्षसानेही करायचा. विझर्डला शॅटर (आवाजाने फोडणारा स्पेल) असेल तर तोही नीट चालेल, धातूच्या क्रीचरला त्याच्या सेव्हवर डिसअ‍ॅडव्हांटेज असतो (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), तीन डी८.

पानिपताबद्दल. नको रे. धाकधूक वाटतेय ती बरोबर वाटतेय. भावना दुखावतील वगैरे माझा मुद्दा नाहीच, मुद्दा असा की मराठी टेबलावर १४ जानेवारी १७६१ म्हटलं की खेळ संपतो. गोल कोणी मोडला, भाऊंनी यात्रेकरू बरोबर न्यायला हवे होते का, होळकर का निघून गेले, यावर रात्री दोनपर्यंत वाद आणि इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) कुणी टाकलेलाच नाही. शिवाय तिथं कुणाचे तरी खरे पूर्वज पडलेत, त्यांच्या हत्यारांना डी२० मारून फोडायला मला तरी मजा येणार नाही.

पण हत्यारं मात्र आपली घे, बिनधास्त. पुण्यात असशील तर केळकर संग्रहालयात जाऊन हत्यारांच्या कपाटासमोर थोडा वेळ उभा राहा. लाँगसोर्ड-लाँगसोर्ड करून कंटाळा आलाय सगळ्यांना. पट्टा घे. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंतचा लोखंडी हातमोजाच असतो, हात आत जातो आणि आडवी पकड धरायची, पातं सरळ हाताच्या रेषेत. म्हणजे मनगट वळतच नाही, सगळा फिरवायचा खेळ खांद्यातून आणि कमरेतून. तुझ्या राक्षसाच्या एका हाताला पट्टा असेल तर तो हात मनगटातून नाही, खांद्यातून गोल फिरेल, समोरच्या एकावर वार असं नाहीच, पाच फुटांतल्या सगळ्यांवर एकदम. आणि डिसआर्म करायचा कुणी प्रयत्न केला तर सरळ नापास, कारण सोडायला हातात काही धरलेलंच नाहीये, हातच पट्ट्यात आहे.

दुसरा विटा. भाला, पण मागे दोर बांधलेला, दोराचं दुसरं टोक मनगटाला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. राक्षसाला लांबचा हल्ला हवाच, नाहीतर विझर्ड साठ फुटांवर उभा राहून निवांत जाळत बसेल. विटा लागला की स्ट्रेंग्थ सेव्ह, फेल गेला तर वीस फूट ओढत जवळ. दोर कापता येतो, एसी १०, एचपी पाच, स्लॅशिंगच लागेल. रोगला हे काम आवडेल.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून आश्चर्य वाटतंय. दोन फौजांचं सामान आहे ना ते? मग ते एका अंगात गुण्यागोविंदाने राहतंय कसं? डावा हात एका राज्याचा, उजवा दुसऱ्याचा कर. ढालींना वेगळे रंग दे. हल्ल्याला नॅट वन (फाशावर सरळ १) आला की त्याचा एक हात दुसऱ्यावर वार करतो, ते डॅमेज त्यालाच. मग प्लेयर्सना हळूहळू कळू दे की हे मुद्दामही घडवता येतं. कुणी एका बाजूची युद्धघोषणा ओरडली, किंवा एका बाजूचं निशाण उचललं, की ती बाजू त्याच्यावर हल्ला करत नाही, पण दुसरी बाजू त्याच्यावरच तुटून पडते. पॅलाडिनला भाषण ठोकायची संधी आणि त्याची किंमतही लगेच मोजायची. हे करायचं असेल तर दोन्ही बाजूंना वेगळे इनिशिएटिव्ह दे, एक २० ला, एक १० ला. पाच जणांसमोर एकटा राक्षस राउंडमध्ये एकदाच हलला तर मार खातोच, तो प्रश्नही यात सुटतो.

---

तळघरातला_डीएम

ताई, दोन बाजूंचं हे मला सुचायला हवं होतं, गोष्ट माझी आणि गाभा तुम्ही काढलात.

म्हणजे त्या चुकलेल्या निरोप्याची पिशवी माळावर कुठेतरी असणार, आत तहाचा कागद. तो मोठ्याने वाचून दाखवला तर? लढाई तिथेच थांबवायची का? मला भीती अशी की विझर्डला पिशवी आधी सापडली तर तीन तासांची तयारी एका वाक्यात संपेल.

---

गंज_आणि_गवत

पिशवी त्या रिकिबीपाशी ठेव. निरोप्या घोड्यावरूनच येत होता ना, मग ती रिकीब त्याचीच. ती धुडात सामील का होत नाही याचंही उत्तर मिळालं, ती कुठल्याच बाजूची नाही.

कागद मात्र दीडशे वर्षं मातीत टिकणार नाही, चामडं आणि कागद आधी जातं, लोखंड नंतर. शिक्का उरेल. दोन्ही राजांची मोहर असलेला शिशाचा शिक्का.

---

फासेबहाद्दर

आणि शिक्का दाखवून तो थांबणार नाही. फक्त चालू थर लगेच गळून पडतो, आणि त्या थरातून तलवारी उठत नाहीत. एकदाच. बाकीचे थर मारूनच काढायचे. म्हणजे पिशवी आधी सापडली तरी तुझी तयारी वाया जात नाही, आणि शिक्का कधी वापरायचा यावर त्यांच्यात भांडण होईल ते वेगळं.

---

वीसपैकी_एक

टोकनसाठी हार्डवेअरच्या दुकानातून वॉशर, नट आणि जुने खिळे आण, मूठभर बास. मॅटवर मधोमध ढीग कर, थर पडला की त्यातले उचलून प्लेयर्सच्या आजूबाजूच्या चौकोनांत टाक. जिथं वॉशर पडला तो चौकोन डिफिकल्ट टेरेन (चालायला अवघड), जिथं खिळा पडला तिथून तलवार उठणार. खिळे बोथट करून घे पण, टेबल भाड्याच्या घरातलं असेल तर खाली पुठ्ठा टाक.